लोड लावला की इन्व्हर्टर ओरडतो आणि बंद पडतो: दिंडीच्या गाडीवर सापडलेलं कारण

आळंदी ते पंढरपूर ही साधारण २५० किलोमीटरची वाट. दिवस पावसाळ्याचे, मुक्काम बहुतेक माळावर नाहीतर नांगरलेल्या रानात. तिथे लाइट मिळेलच असं नाही, म्हणून आमच्या दिंडीच्या सामानाच्या पिकअपमध्ये बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर ठेवतो. संध्याकाळी राहुट्या उभ्या राहिल्या, दिवे लागले, कीर्तनासाठी अँप्लिफायर जोडला आणि माउलींचे मोबाइल चार्जिंगला लागले की पंधरा-वीस मिनिटांत इन्व्हर्टरचं टूं-टूं सुरू व्हायचं. माइकजवळ पखवाजाची थाप जोरात पडली की दिवे मिचमिचायचे आणि सगळंच गप्प. बंद करून दोन मिनिटांनी चालू केला की पुन्हा दहा मिनिटं चालायचा.

पहिला इन्व्हर्टर ५०० वॅटचा होता. तो कमी पडतोय असं सगळ्यांचं मत पडलं. वर्गणी काढून १००० वॅटचा आणला. त्याचंही तेच, तसंच टूं-टूं. ज्यांच्याकडे हाच त्रास आहे, मग ती गाडी फोटोग्राफरची असो, फिरत्या रसवंतीची असो की घरच्यांना घेऊन कोकणात निघालेली असो, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो. यातले पैसे बहुतेक वेळा चुकीच्या जागी जातात.

मीटर कुठे लावायचा

तिसऱ्या वर्षी वाल्ह्याच्या मुक्कामी कीर्तन चालू असतानाच मी मीटर लावला. आमचा लोड असा होता: ९ वॅटचे सहा एलईडी दिवे, साधारण ९५ वॅट खाणारा अँप्लिफायर आणि एका वेळी पंधरा मोबाइल, प्रत्येकी १० वॅट धरून. सगळे मिळून ३०० वॅट. १००० वॅटच्या इन्व्हर्टरला हा लोड म्हणजे काहीच नाही.

बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवरच मीटरच्या पिना टेकवल्या (चिमट्यावर नाही, थेट शिशावर): १२.२ व्होल्ट. मग इन्व्हर्टरच्या मागच्या लाल-काळ्या स्क्रूंवर टेकवल्या: १०.३ व्होल्ट. मधले १.९ व्होल्ट वायरीतच जात होते. वायरीला हात लावला तर ती चांगली गरम लागली, आणि चिमट्याजवळचं तिचं प्लास्टिक मऊ पडलं होतं.

वायर होती अडीच चौरस मिलिमीटरची, घराच्या फिटिंगला प्लग पॉइंटसाठी वापरतात ती. गाडी राहुटीपासून लांब लावायची आणि इन्व्हर्टर राहुटीत ठेवायचा म्हणून कुणीतरी चार मीटर ओढली होती. जायची चार आणि यायची चार, म्हणजे तांब्याची आठ मीटर लांबी. तिचा रेझिस्टन्स होतो जवळपास ०.०५५ ओहम. ऐकायला काहीच नाही, पण तिच्यातून ३४ अँपिअर वाहत असतील तर पावणेदोन-दोन व्होल्ट तिथेच पडतात. घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनीत दोन व्होल्ट गेले तर कुणाला कळतही नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीतून तेवढेच गेले तर सहावा हिस्सा गेला. घरच्या फिटिंगची सवय असलेला चांगला वायरमनसुद्धा इथे फसतो.

३४ अँपिअर आले कुठून? इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो. साधारण ८५ टक्केच पुढे जाते. ३०० वॅट द्यायचे तर मागून ३५० वॅट ओढावे लागतात. त्यात व्होल्टेज कमी मिळालं की तो तेवढेच वॅट भरून काढायला जास्त करंट ओढतो. करंट वाढला की वायरीत आणखी व्होल्ट पडतात, मग तो आणखी ओढतो. बहुतेक इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टच्या आसपास ओरडायला लागतात आणि दहाच्या जवळ बंद होतात. आम्ही १०.३ वर होतो. पखवाजाची एक जोरदार थाप म्हणजे अँप्लिफायरचा एक झटका, आणि काटा दहाच्या खाली. ५०० चा जाऊन १००० चा आला तरी फरक का पडला नाही, ते इथे उलगडलं. नवा डबा त्याच वायरीच्या शेवटाला बसला होता.

वायर आणि जोड

दुसऱ्या दिवशी लोणंदला पोचल्यावर बदल केला. इन्व्हर्टर राहुटीतून काढून गाडीतच, बॅटरीपासून दीड मीटरवर ठेवला. मधे १६ चौरस मिलिमीटरची मऊ तांब्याची केबल टाकली. राहुटीपर्यंतचं अंतर २३० व्होल्टच्या एक्स्टेंशनने भरून काढलं. लांब जायचं ते २३० च्या बाजूने, १२ व्होल्टची बाजू शक्य तितकी आखूड, हे पक्कं धरा. त्या संध्याकाळी त्याच लोडवर बॅटरीवर १२.२ आणि इन्व्हर्टरवर १२.१ आलं. करंटही ३४ वरून २९ वर उतरला. टूं-टूं थांबलं.

चिमट्यांबद्दल मुद्दाम सांगतो. इन्व्हर्टरबरोबर येणारे लाल-काळे चिमटे पाहा: पुष्कळ चिमट्यांत वायर एकाच जबड्याला दाबलेली असते. दुसरा जबडा फक्त पकड देतो, त्यातून करंट जात नाही किंवा मधल्या खिळ्यातून कसाबसा जातो. त्यात बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-निळसर चुरा जमलेला असेल तर संपलंच. पाच मिनिटं लोड चालवा, बंद करा, आणि लगेच प्रत्येक जोडाला बोट लावून बघा. जो जोड गरम, तो चोर. चिमटे तात्पुरत्या वापरासाठी ठीक. रोज संध्याकाळी लावायचं असेल तर केबलच्या टोकाला लग (बोल्टसाठी भोक असलेलं धातूचं टोक) दाबून घ्या आणि नट-बोल्टने आवळा.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर फ्यूज हवाच. आमचा लोड बघून मी ६० अँपिअरचा बसवला. वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते. डिझेलच्या गाडीत, शेजारी ताडपत्री आणि गोधड्या असताना त्या आगीची कल्पनाही नको. इन्व्हर्टरच्या आतला फ्यूज इथे उपयोगाचा नाही, कारण तो वायरीच्या दुसऱ्या टोकाला असतो.

नव्या बीएस-६ गाड्यांमध्ये मायनस टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला दिसतो. तसा असेल तर इन्व्हर्टरची मायनस केबल सेन्सरच्या पलीकडे, चासीला जिथे बॅटरीची अर्थिंग दिली आहे तिथे लावा. थेट टर्मिनलवर लावली तर बाहेर गेलेला करंट गाडीच्या हिशोबात येत नाही आणि चार्जिंगची गणितं चुकतात.

आणि लायटर सॉकेट. त्याच्यामागे बहुतेक १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. १२ ने गुणलं की १२० ते १८० वॅट, त्यातून इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च वजा. तिथे लॅपटॉप चालेल, मिक्सर नाही. फ्यूज उडतो म्हणून मोठा घालणारे पाहिले आहेत. फ्यूज उडणं थांबतं, पण त्याच्या जागी डॅशबोर्डमागची वायर जळते.

बीप थांबला, पण सकाळी सेल्फ उचलेना

वायर बदलून आम्ही निश्चिंत झालो, आणि तरडगावला सकाळी पिकअप चालूच होईना. पालखी निघाली होती, दिंडी पुढे गेली होती, सामानाची गाडी मागे. धक्का मारायला जे थांबले त्यांच्यात सत्तरीचे दोन माउली होते, हे मला अजून लागून राहिलं आहे.

चूक हिशोबाची होती. २९ अँपिअर दोन तास म्हणजे ५८ अँपिअर-अवर (करंट गुणिले तास; बॅटरीची साठवण यातच मोजतात). पिकअपची बॅटरी ६० ची. वायर खराब होती तेव्हा इन्व्हर्टर लवकर बंद पडून नकळत बॅटरी वाचवत होता. वायर सुधारल्यावर त्याने ती तळापर्यंत पिऊन टाकली. इन्व्हर्टरचा कट-ऑफ बॅटरीच्या भल्यासाठी ठेवलेला नसतो. दहा व्होल्टला तो बंद होतो तोवर सेल्फ मारण्याइतका जीव बॅटरीत उरलेला नसतो. गाडीची बॅटरी एका क्षणाला मोठा झटका देऊन लगेच भरून घेण्यासाठी बनवलेली असते. तिला वारंवार खोल उतरवलं की प्लेटा कडक होतात आणि वर्ष-दोन वर्षांत ती जाते.

लोड काढून थोडा वेळ थांबल्यावर १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. निम्म्याच्या खाली गाडीची बॅटरी नेऊ नका. एक छोटा डिजिटल व्होल्टमीटर डॅशबोर्डजवळ लावून ठेवा, नवा इन्व्हर्टर घेण्याआधी.

लोड नसतानाही इन्व्हर्टर स्वतः अर्धा-एक अँपिअर खातो. रात्रभर चालू राहिला तर सकाळपर्यंत पाच-आठ अँपिअर-अवर गेले. झोपताना त्याचं बटण बंद करायची जबाबदारी एकाच माणसावर ठेवा.

इन्व्हर्टर लागतोच का?

हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. आपल्याकडच्या कीर्तनाच्या, सभेच्या बहुतेक अँप्लिफायरना मागे १२ व्होल्टसाठी लाल-काळे टर्मिनल असतात. खेड्यात वर्षानुवर्षं ते थेट बॅटरीवर चालवले गेले आहेत. आम्ही मात्र बॅटरीचे १२ व्होल्ट इन्व्हर्टरने २३० करायचो आणि अँप्लिफायर आतल्या ट्रान्सफॉर्मरने ते पुन्हा खाली आणायचा. दोन्हीकडे वीज वाया, शिवाय स्पीकरमध्ये सतत घुंऽऽ आवाज. थेट १२ व्होल्टवर लावला आणि घुंऽऽ गेला. प्लस-मायनस उलटं होऊ देऊ नका, तेवढं सांभाळा.

मोबाइलचंही तसंच. १२ व्होल्टवर चालणारे चार-सहा पोर्टचे यूएसबी चार्जर मिळतात. लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होणारा असेल तर ६५ वॅटचा कारचार्जर पुरतो. दिवेही १२ व्होल्ट डीसीचे मिळतात. आमचा ३०० वॅटचा लोड असा सुटत सुटत गेला आणि इन्व्हर्टरवर राहिल्या दोन-तीनच वस्तू. त्यातली एक महत्त्वाची.

आजींचं वाफेचं यंत्र

आमच्या दिंडीत दम्याचा त्रास असलेल्या एक आजी आहेत. दिवसभर धूळ, रात्री गारवा, म्हणून झोपण्याआधी त्यांना नेब्युलायझर लागतो. कॉम्प्रेसरवाला, १०० ते १५० वॅटचा. तो आमच्या १००० वॅटच्या इन्व्हर्टरवर लावला की खरखरायचा, वाफ क्षीण यायची आणि पाच मिनिटांत त्याचं खोकं चटका बसेल इतकं तापायचं. आजी म्हणाल्या, “माउली, घरी दहा मिन्टात संपतं औषध, हितं पाऊण तास झाला.”

स्वस्त इन्व्हर्टर ‘मॉडिफाइड साइन’ असतात. घरच्या विजेची लहर गोल वर-खाली होते, यांची पायऱ्या-पायऱ्यांची चौकोनी. एलईडी, मोबाइलचे चांगले चार्जर, लॅपटॉपचे अडॅप्टर ती चालवून घेतात. पण मोटर, पंखा, कॉम्प्रेसर, ट्रान्सफॉर्मर असलेलं काहीही त्यावर गुणगुणतं, तापतं आणि कमी काम करतं. ट्रिमर किंवा चार्जिंगच्या स्वस्त टॉर्चमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसतो, एका कपॅसिटरवर भागवलेलं असतं. ते या लहरीवर जळूही शकतात.

आजींसाठी आम्ही ३०० वॅटचा ‘प्युअर साइन’ घेतला. १००० च्या मॉडिफाइडपेक्षा आकाराने लहान, पण त्यावर नेब्युलायझर घरच्यासारखा चालतो. औषधाची, श्वासाची कुठलीही वस्तू असेल तर प्युअर साइनशिवाय विचारच करू नका. झोपेत लावायच्या सीपॅप यंत्रांना पुष्कळदा १२ व्होल्टचा स्वतंत्र कन्व्हर्टर मिळतो, तो असेल तर तोच घ्या. यूएसबीवर चालणारे छोटे मेश नेब्युलायझरही आहेत. ते त्या औषधाला चालतात का, हे मात्र डॉक्टरांनाच विचारा.

मॉडिफाइड इन्व्हर्टरचा आउटपुट साध्या मीटरने मोजला तर १८०-२०० व्होल्ट दिसतात आणि माणूस तो खराब म्हणून दुकानात परत नेतो. साधा मीटर गोल लहर गृहीत धरून आकडा दाखवतो. ‘ट्रू आरएमएस’ लिहिलेला मीटर खरा आकडा देतो.

ट्रकवाल्यांसाठी

एका वर्षी पिकअप मिळाली नाही, ट्रक घ्यावा लागला. मोठ्या ट्रकला १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. १२ चा इन्व्हर्टर थेट २४ वर लावला तर तो ओव्हरव्होल्टेज दाखवून बंद होतो, नाहीतर जळतो. म्हणून ड्रायव्हर लोक एक युक्ती करतात: दोनपैकी एकाच बॅटरीवर चिमटे लावायचे. इन्व्हर्टर चालतो, सगळे खूश.

मग सहा महिन्यांनी एक बॅटरी मरते. नवी टाकतात, पुन्हा एक मरते. ‘हलक्या मालाची निघाली’ म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) दोन्ही बॅटऱ्यांना एकाच ओळीत २८ व्होल्टने भरतो. एकीतून रोज वीज काढलेली असते, ती उपाशी राहते. दुसरी आधीच भरलेली, तरी तिच्यातून तोच करंट जातो, म्हणून ती उकळते. इंजिन चालू ठेवून दोन्हीवर वेगवेगळा मीटर लावा. एकीवर १३.२ आणि दुसरीवर १४.८ असं काही दिसलं, आणि एकीचंच पाणी सारखं कमी होत असेल, तर रोग हाच. उपाय: २४ व्होल्टचाच इन्व्हर्टर घ्या, किंवा २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावून त्यावर १२ ची उपकरणं चालवा.

कधी बंद पडतो त्यावरून

बटण दाबताक्षणी बंद पडत असेल तर सुरुवातीचा झटका जास्त आहे. मिक्सर, पाण्याची मोटर, फ्रिज सुरू होताना चालू लोडच्या तिप्पट ते सातपट ओढतात. ५०० वॅटचा मिक्सर ६०० च्या इन्व्हर्टरवर म्हणूनच उचलत नाही. चालू झाल्यावर काही मिनिटांत ओरडत असेल तर वायर, चिमटा, बॅटरी याच क्रमाने बघा. अर्ध्या तासाने, ओरडता-ओरडता नव्हे तर गुपचूप बंद पडला आणि हात लावल्यावर तापलेला असेल, तर उष्णता. आमच्याकडे पावसाच्या भीतीने त्यावर प्लास्टिकचा कागद गुंडाळायचे आणि पंख्याचं तोंड बंद व्हायचं. छप्पर वर धरा, बाजू मोकळ्या ठेवा. केतली, इस्त्री, शेगडी यांचा विचार सोडून द्या. गॅसवर पाणी गरम होतं.

ओल्या जमिनीवर आणखी एक सांभाळा. पुष्कळ स्वस्त इन्व्हर्टरच्या आउटपुटला टेस्टर लावला तर दोन्ही भोकांत पेटतो. इथे न्यूट्रल म्हणून कुठली वायर सुरक्षित समजू नका. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर न ठेवता खांबाला टांगा. आणि मांडवाच्या लाइनीत इन्व्हर्टरचा आउटपुट कधीही घुसवू नका. मधेच महावितरणची लाइट आली की इन्व्हर्टर फुटतो, आणि आली नाही तर त्या लाइनीवर काम करणाऱ्याचा जीव जातो.

दुकानात जाताना

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याच्या शेजारी ‘पीक’ लिहिलं आहे का बघा. तो एका-दोन सेकंदांचा असतो. सतत किती वॅट, हे विचारा. खोक्यात दिलेल्या वायरीकडे बघा. १००० वॅट खरोखर द्यायचे तर १२ व्होल्टवर १०० अँपिअरच्या जवळ करंट लागतो. त्यासोबत पेन्सिलपेक्षा बारीक वायर आणि लायटरचा प्लग येत असेल, तर तो आकडा खरा नाही, हे विकणाऱ्याच्याच वायरीने सांगितलं.

रोज तासन्‌तास वीज लागत असेल तर गाडीच्या बॅटरीचा नाद सोडून वेगळी बॅटरी ठेवा. आम्ही आता घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर नेतो. पन्नास-साठ किलोची धूड, उभीच बांधावी लागते, हवा लागते, आणि चालू गाडीत अल्टरनेटरकडून भरायला मधे डीसी-टू-डीसी चार्जर घालावा लागतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची निम्म्याहून हलकी आणि जास्त खोल उतरवता येते, पण किंमत मोठी. दरवर्षी अठरा-वीस दिवसांच्या वापरासाठी आम्हाला ट्युब्युलर परवडते. बाकीचं वर्ष ती मंदिरात वापरात असते.

निघण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर लिहा: इन्व्हर्टरशिवाय चालणारच नाहीत अशा वस्तू कोणत्या, त्यांचे वॅट, रोज किती तास, गाडी १२ ची की २४ ची, बॅटरीपासून इन्व्हर्टर किती फुटांवर बसणार. आधीचा इन्व्हर्टर असेल तर त्याच कागदावर लोड चालू असताना बॅटरीवरचे आणि इन्व्हर्टरवरचे व्होल्ट, दोन्ही. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर इन्व्हर्टरच्या दुकानात जाऊ नका, केबलच्या दुकानात जा.